ग्वाल्हेरची थंडी आणि चिमण्यांचं खातं

ग्वाल्हेरची थंडी बाहेरच्यांना सांगून पटत नाही. जानेवारीत पारा कधी कधी २-३ अंशांवर येतो, धुक्यात समोरची इमारत दिसत नाही आणि शाळा बंद ठेवाव्या लागतात. गेल्या वर्षी अशाच सुट्टीत मी नातवंडांना घेऊन पाखरांसाठी दाणापात्रं केली.

लष्करातल्या आमच्या वाड्यात असलं काही करावं लागलं नाही. चिमण्या तिथे हिस्सेदारच होत्या. तुळयांच्या फटीत आणि भिंतीवरच्या फोटोंमागे त्यांची घरटी असत. आई तांदूळ निवडायला बसली की कणी अंगणात पडायची. पुढे भावंडांत वाटण्या झाल्या, वाडा पडला, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. चिमणीला घरट्यासाठी फट-भोक लागतं. या गुळगुळीत भिंतींत ते कुठून मिळणार? माझ्या ९ वर्षांच्या नातीसाठी चिऊ फक्त गोष्टीतली. बाकी सगळी पाखरं 'चिडिया'.

कृती सोपी आहे. पाण्याची रिकामी बाटली घ्या. तिच्यात दोन लाकडी चमचे आडवे, एकाखाली एक, आरपार घाला. चमच्याच्या वाटीकडचं भोक थोडं मोठं ठेवा, म्हणजे दाणे वाटीत उतरतात. बुडाला तापल्या दाभणाने बारीक भोकं पाडा, दवाचं पाणी साचत नाही. दाभणाचं काम मोठ्यांनीच करायचं. आत बाजरी आणि राळा भरा. बाजूला नारळाच्या करवंटीत पेरूच्या फोडी ठेवल्या, बुलबुलासाठी. शेव-फरसाण, खारट काही घालायचं नाही, हे धाकट्याला तीनदा सांगावं लागलं.

आठ दिवस फक्त कबुतरं आली. चमच्यावर त्यांना बसता येईना, ती खाली सांडलेलं टिपत राहिली. मग सोसायटीतून निरोप आला, "घाण होते, काढून टाका." मी काढायला निघालो होतो, पण नात म्हणाली, "आबा, आम्ही साफ करू ना!" खाली जुनी थाळी टांगली, रोज सकाळी दोघं ती धुतात, दर रविवारी बाटली गरम पाण्याने. दाणेही मूठभरच, दिवसात संपतील एवढे. तक्रार पुन्हा आली नाही.

बँकेत जन्म गेला, तेव्हा मी एक वही आखून दिली. डावीकडे दाणा, उजवीकडे पाहुणे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी धाकटा ओरडत आला, "आबा, चिडिया येऊन राहिली!" एक नर होता, गळ्यावर काळा डाग, मागे दोन माद्या. नातीने वहीत लिहिलं, 'चिमण्या ३'. तिच्या हातचा तो पहिला मराठी शब्द, जो मी सांगून लिहवला नव्हता.

दाणा हा थंडीतला आधार, एवढंच. पिल्लांना किडे-अळ्या लागतात, म्हणून गॅलरीत चार कुंड्या वाढवल्या आणि एक लाकडी खोकंही टांगलं आहे. ते अजून रिकामं आहे. वही मात्र दुसरी सुरू झाली.

इंदूर, बडोदा, बेळगावच्या मंडळींनो, तुमच्या गॅलरीत कोण येतं? नातीला वहीत लिहायचंय. नावं मराठीत कळवा.