काळ्या दगडावरचे वीतभर पाणी

अंबाजोगाई

चि. समीरास,

बीड जिल्ह्यातल्या पाण्याचे कृष्णधवल छायाचित्रण मोठ्या देखाव्यापेक्षा वीतभर चौकटीत अधिक साधते. याचे कारण इथल्या पावसात आणि दगडात आहे. पाऊस सरासरी 650 ते 700 मिलिमीटर. बहुतेक ओढे वर्षातले काही महिनेच वाहतात. विंचरणा नदीवरचा सौताड्याचा धबधबा किंवा मांजरसुंब्याजवळचा कपिलधारचा, ऐन पावसाळ्यात कोसळतो तो पुष्कळदा गढूळ. तो लोंढा रंगीत चित्रात चहासारखा दिसतो आणि कृष्णधवलात नुसता राखाडी. पण त्याच धबधब्याच्या कडेला दगडावरून चार बोटे रुंदीची धार निथळत असते. बालाघाटाचा हा बेसाल्ट खडक भिजला की काळाभोर होतो आणि पाण्याची प्रत्येक कड त्यावर पांढरी उमटते. अशा ठिकाणी रंग काढून घेतला तरी काहीच हरवत नाही.

पाणी निवळते दसरा-दिवाळीच्या सुमारास. 1972च्या दुष्काळी कामांवर मराठवाड्यात अनेक पाझर तलाव खोदले गेले. अशा तलावांच्या बांधाखाली तेव्हा पाझरणारे बारीक ओहोळ या कामाला धबधब्यांपेक्षा सरस ठरतात. तिथे गर्दी नसते, पाणी संथ असते आणि ट्रायपॉड जमिनीलगत लावता येतो.

पहिली अडचण प्रकाशमापनाची. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सारे मध्यम राखाडी धरून चालतो. चौकटीत तीन चतुर्थांश काळा दगड असला की मीटर प्रकाश वाढवतो. मग दगड राखाडी होतो आणि फेस पांढरा भगभगीत होऊन त्यातले बुडबुडे पुसले जातात. डिजिटल कॅमेऱ्यात म्हणूनच प्रकाश एक-दीड स्टॉप कमी ठेवतात. फिल्मवर उलट चालते: सावलीला पुरेल इतका प्रकाश द्यायचा आणि फेस डेव्हलपिंगच्या वेळेने आवरायचा.

दुसरी अडचण वेगाची, आणि लहान चौकटीचा खरा कस तिथेच लागतो. 20 सेंटिमीटर उंचीवरून सुटलेला थेंब खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे 2 मीटर असतो. 1/1000 सेकंदात तो 2 मिलिमीटर सरकतो. दहा मीटर रुंदीच्या देखाव्यात हे कळणारही नाही. दहा सेंटिमीटरच्या चौकटीत मात्र तो रुंदीचा पन्नासावा भाग आहे आणि थेंब लांबट, पुसट होतो. शटरचा वेग वाढवून हे पुरते आवरत नाही. फ्लॅशची ताकद अगदी कमी ठेवली तर त्याची लकाकी 1/10000 सेकंदाहूनही कमी टिकते आणि थेंब जागच्या जागी थिजतो. अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी 1936 मध्ये दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला तो अशाच क्षणिक प्रकाशात.

मात्र सगळेच वाहते पाणी पळत नाही. ओढ्यातल्या खड्याच्या वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला, बारीक तरंगांच्या कमानी दिसतात. पाणी त्यांतून निघून जाते, कमानी जागच्या जागी राहतात. पाण्याचा वेग सेकंदाला 23 सेंटिमीटरच्या वर गेल्याशिवाय त्या उमटतच नाहीत, कारण पाण्यावरच्या तरंगांचा सर्वांत कमी वेग तेवढा असतो. या स्थिर कमानींवर शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले तरी त्या राहतात, वाहणारा फेस तेवढा रेशमासारखा पसरतो. ओढ्याच्या सगळ्या चित्रांत सुंदर चित्र हेच.

संथ पाण्यात प्रश्न प्रतिबिंबाचा येतो. पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांचा कोन करून लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवला तर चकाकी जाते आणि तळातले खडे दिसू लागतात; मोबदल्यात दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो. चकाकी पूर्ण काढू नये, कारण तीही गेली की पाणी आहे हेच उमगत नाही. बीडचे कंकालेश्वर मंदिर पाण्याने वेढलेले आहे. तिथे कोरीव दगडाचे हातभर प्रतिबिंब एखाद्या लाटेने मोडते, ते अख्ख्या देवळाच्या चित्रापेक्षा जास्त सांगते. शेवाळ असेल तर फिल्टर विचारपूर्वक निवडावा: लाल फिल्टरने शेवाळ काळ्या दगडात विरून जाते, हिरव्याने उजळून वेगळे होते. डिजिटल रॉ फाइलमध्ये हा निर्णय नंतरही घेता येतो.

चैत्रानंतर डोह आटतात. कडेला वाळत आलेल्या गाळावर पाण्याने मागे सरकताना ठेवलेल्या रेघा उरतात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याही घ्याव्यात.

छाप लहानच काढावी, 10 बाय 15 सेंटिमीटरची, हातात धरून बघण्याजोगी. कागद चकचकीत किंवा अर्धचकचकीत हवा, कारण मॅट कागदावर ओल्या बेसाल्टचा काळा तितका खोल उतरत नाही.

तुझा,
मामा