सहा गाड्या दगड

भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय. त्यामुळे एखादी भाषा कशी टिकते आणि कशी विरून जाते, हा विचार मनात सतत घोळत असतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या व्हिक्टोरिया या चिमुकल्या गावाची हकिगत वाचल्यापासून तर त्याने मनात घरच केले आहे.

रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिने १७६३ साली परदेशीयांना आपल्या देशात येऊन वसण्याचे निमंत्रण दिले. धर्मस्वातंत्र्य आणि लष्करी सेवेतून सूट ही तिची प्रमुख आश्वासने होती. हजारो जर्मन कुटुंबे व्होल्गा नदीकाठी स्थायिक झाली. शंभर वर्षे लोटली, तरी त्यांनी आपली बोली सोडली नाही. पुढे ती सूट गेली आणि १८७४ साली लष्करी सेवा सर्वांना सक्तीची झाली. तेव्हा अनेकांनी पुन्हा बोचकी बांधली. १८७६ साली त्यांच्यापैकी काही कुटुंबांनी कॅन्ससच्या गवताळ मैदानावर वस्ती केली व व्होल्गाकाठच्या आपल्या गावाच्या आठवणीने तिला हेर्झोग हे नाव दिले. शेजारच्या व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीतील बहुतेक लोक पुढे निघून गेले; कालांतराने दोन्ही मिळून एकच गाव झाले.

त्या प्रदेशात झाडे इतकी विरळ की, कुंपणाचे खांबदेखील चुनखडीच्या दगडातून काढावे लागत. त्याच दगडाचे भव्य चर्च १९०८ ते १९११ या काळात उभे राहिले. १२ वर्षांवरील प्रत्येक सभासदाने वर्षाला ४५ डॉलर आणि सहा गाड्या दगड द्यावेत, असा वाटा ठरला होता. हजार-बाराशे वस्तीच्या त्या गावावर १४१ फूट उंचीचे दोन मनोरे आजही उभे आहेत.

मनोरे राहिले, बोली मात्र ओसरली. व्होल्गाकाठी गावे, शाळा, सोयरिकी सारे आपापसांतच होते. अमेरिकेत मुले इंग्रजी शाळांत जाऊ लागली, बाजार इंग्रजीत चालू लागला आणि पहिल्या महायुद्धात तर जर्मन बोलणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. पुढे ती बोली वृद्धांच्याच तोंडी उरली. यात कोणा एकाचा अपराध नव्हता. आपल्या मुलांचा निभाव लागावा, असे कोणत्या आईबापांना वाटत नाही?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांना हा प्रश्न परका नाही. माझा मुलगा दिल्लीच्या अंगणात हिंदीतच भांडतो आणि हिंदीतच हसतो. त्याची मला खंत नाही. शेजाऱ्याची भाषा ही मिळकतच होय. परंतु रात्रीची गोष्ट त्याला मराठीतच लागते आणि ती सांगताना, माझ्या वाट्याची गाडी मी ओढीत आहे, असे मला वाटते.

दगडाची गाडी एकदा रिती केली की चर्चचे देणे फिटते. भाषेचे देणे मात्र रोजचे असते, आणि ते घरातच फेडावे लागते.