घाटात सापडलेला आकडा

माझे वडील ४८ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यामुळे ४६ व्या वर्षी मी धावायला लागले, तेव्हा आईचं एकच म्हणणं होतं: छातीला जपून. मी जपत होते. २२० मधून वय वजा करायचं, उरेल तो आपला मॅक्स हार्ट रेट, म्हणजे हृदय जास्तीत जास्त जेवढ्या वेगाने धडधडू शकतं तो आकडा. माझा आला १७४. रोजचं सावकाश धावणं त्याच्या पंच्याहत्तर टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे साधारण १३०.

आता साताऱ्यात १३० च्या आत धावायचं म्हणजे कठीणच. राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे वळलं की चढ सुरू. सोबतच्या बायका गप्पा मारत पुढे जायच्या, आणि दम लागलेला नसतानाही घड्याळ वाजलं म्हणून मी चालायला लागायचे. सहा महिने असेच गेले.

मग एका पहाटे शाहू स्टेडियमजवळच्या सपाट रस्त्यावर घड्याळात आकडा दिसला १७६. मी तिथेच फुटपाथच्या कडेला बसले. पोटात खड्डा पडला. वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आमच्या गटातले एकसष्ट वर्षांचे काका मागून येत होते. ते शेजारी बसले आणि म्हणाले, "आधी मानेवर दोन बोटं ठेव. मी सेकंद मोजतो, तू ठोके मोज." पंधरा सेकंदांत तेहतीस. मिनिटाला १३२. काकांनी मला पुन्हा शंभर पावलं धावायला लावलं आणि लागलेला वेळ मोजला. मिनिटाला पावलं घड्याळातल्या आकड्याएवढीच पडत होती. घड्याळ माझ्या पावलांनाच ठोके समजत होतं. मनगटावरचं घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताचा प्रवाह ओळखतं. पट्टा सैल असला, हात हलत राहिले, की ते कधी कधी हाताच्या तालालाच ठोके धरतं. छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचा विजेचा संदेश टिपतो, म्हणून तो जास्त भरवशाचा. त्याच आठवड्यात मी तो घेतला.

पण खरा प्रश्न होता १७४ चा. काका म्हणाले, "तो आकडा तुझा नाही गं, तुझ्या वयाचा आहे." हे वाक्य मला आजही पाठ आहे. १९७१ मध्ये फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांनी आधीच्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडले, आणि त्यांतून ही ढोबळ रेषा निघाली. पुढे २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ मधून वयाचे सात दशांश वजा करायला सांगितलं. त्या हिशेबानेही मी १७६ वरच. दोन्ही सूत्रं सांगतात ती सरासरी. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, कधी त्याहून जास्तही. मग सरासरीवर माझं रोजचं धावणं का बेतायचं?

काकांची एक अट होती: आधी डॉक्टर. वडिलांचा इतिहास पाहता मलाही तेच योग्य वाटलं. ईसीजी, टू-डी इको, मग ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढत जातो. मला वाटलं, इथेच आकडा कळेल. पण १५० च्या आसपास पोचताच मशीन थांबवलं. "ताई, टार्गेट झालं." ते टार्गेटही त्याच २२० च्या हिशेबाचं, त्याच्या ८५ टक्के. अहवाल स्वच्छ होता. डॉक्टरांनी जोर लावायला परवानगी दिली. त्या दिवशी घरी येऊन आईला अहवाल दाखवला. तिला त्यातलं इंग्रजी वाचता आलं नाही, पण तो तिने बराच वेळ हातातून खाली ठेवला नाही.

मग माझा खरा आकडा घाटात मोजायचं ठरलं. नोव्हेंबरातली थंड पहाट निवडली, कारण उन्हात नुसत्या उकाड्यानेही ठोके वाढतात. आधीचे दोन दिवस हलके. छातीवरचा पट्टा पाण्याने ओला केला, वीस मिनिटं अंग गरम केलं आणि यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी उभी राहिले. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून वर जाते. तीन मिनिटं जोरात चढायचं, हळूहळू खाली यायचं, असं तीनदा. पहिल्या वेळी १७९. म्हणजे सूत्र तिथेच मागे पडलं. दुसऱ्या वेळी १८५. तिसऱ्या वेळी काका स्कूटरवरून शेजारी येत होते आणि शेवटच्या मिनिटाला त्यांनी आवाज दिला, "आता सगळं!" मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, तोंडात लोखंडासारखी चव होती, दुधाची गाडी बाजूने गेली तिचा हॉर्न कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. पाय उचलेना तेव्हा मी कठड्याला धरून थांबले. १८९. एका मिनिटात १५४ वर उतरला. ते उतरणं पाहून मला रडू आलं. हृदय लवकर शांत होणं हे त्याच्या तब्येतीचं चांगलं लक्षण, एवढं मला डॉक्टरांकडून कळलं होतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा केलं, १८८. त्याच घाटात सायकलवर जीव तोडून चढले तरी १८१ च्या वर गेले नाही. सायकलवर अंगाचं वजन आपण पेलत नाही, कमी स्नायू राबतात, म्हणून प्रत्येक खेळाचा आकडा वेगळा काढावा लागतो. आणि हा आकडा मोठा असला म्हणजे माणूस जास्त तयारीचा, असंही नाही. काकांचा १७१ आहे आणि घाटात ते मला आजही मागे टाकतात. सरावाने तो वाढत नाही, वयाबरोबर उतरतो. वाढते ती कमी ठोक्यांत जास्त अंतर कापायची ताकद.

आता माझी सावकाश धावण्याची हद्द १४२ आहे. समर्थ मंदिराचा चढ मी बायकांशी बोलत धावते. आईला एवढंच सांगितलं की आता चालावं लागत नाही.

येत्या नोव्हेंबरात पुन्हा मोजायचंय. या वेळी स्कूटर मी चालवणार, पट्टा काकांच्या छातीवर.