वेखंडाचा वास

आमच्या घरात वेखंडाचा वास तीन ठिकाणी येत असे: बाळघुटीच्या सहाणेला, आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेला आणि गव्हाच्या कोठीला. त्यामुळे तान्ही मुले, लुगडी आणि गहू या तिन्ही वस्तूंना कीड लागते, अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती.

गेल्या वर्षी माघात आई गेली. वैशाखात वर्षाचे गहू आले, तेव्हा कोठी भरण्याचे काम माझ्याकडे आले. मला ते मुळीच अवघड वाटले नाही. तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला, मध्ये मध्ये वेखंडाच्या पुरचुंड्या, वर पुन्हा पाला. चाळीस वर्षे जे पाहिले तेच केले. श्रावणात झाकण काढून आत हात घातला, तो गहू कोमट लागला! मूठभर बाहेर काढले. निम्मे दाणे पोकळ, हाताला पिठी, आणि सोंडे तर वेखंडाच्या पुरचुंडीवरून खुशाल फिरत होते.

मला राग आला, तो किड्यांचा नव्हे, आईचा. इतकी वर्षे या बाईने आपल्याला फसवले, असे मनात आले. आणि आल्याबरोबर मी ओशाळलो.

दुकानदाराने गोळ्या दिल्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. तो दाण्याच्या आतल्या किड्यापर्यंत पोचतो, तसाच शेजारी निजलेल्या माणसापर्यंतही. बंद गोदामात जाणत्या माणसाने वापरायची ती चीज. आमची कोठी मुलांच्या अंथरुणाला लागून. पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, गव्हाचं राहू द्या. पोरं कुठं निजवायची ते सांगा." मी गोळ्या परत केल्या आणि दोन पुस्तके घेऊन बसलो. मास्तराला दुसरे काय सुचणार?

सोंड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक चिकट द्रव्याने बुजवून टाकते. अळी आतच वाढते. उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण महिन्याभराने पुरा किडा दाणा पोखरून बाहेर येतो. वेखंड काय, लवंग काय, निलगिरी काय, त्यांचे तेल म्हणजे उडून जाणारा वास. येणाऱ्याला तो दारातून परतवील. पण आत शिरून कडी लावून बसलेल्याला काय करणार? वेखंडात गुण नाही असे नव्हे. त्यातल्या असारोन या द्रव्याने किड्यांना वंध्यत्व येते, असे भारतीय संशोधकांनी १९७७ साली दाखवून दिले. (अमेरिकेत तर खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला १९६८ पासून बंदी आहे. हे वाचून बाळघुटीच्या आठवणीने मला जरा घामच फुटला.)

मग आई काय करीत असे? कोठी भरण्याआधी तीन दिवस ती गव्हाला ऊन दाखवी. वैशाखातल्या तापलेल्या गच्चीवर पातळ थर पसरी, भर दुपारी पदर डोक्यावर घेऊन तो उलथीपालथी करी. दाणा दाताखाली धरी. कट् वाजला तरच समाधान. मग तो निवू देई, चाळी आणि तेव्हा कुठे पाला निघे. गौरी-गणपतीच्या सुमारास पुरचुंड्या बदली, कारण तोवर वास उडालेला असे. हे सगळे माझ्या डोळ्यांदेखत चाले. पण माझ्या वाट्याला फक्त पुरचुंड्या बांधण्याचे काम येई, म्हणून मला पुरचुंड्याच दिसल्या. गेल्या वैशाखात तर मी पंख्याखाली उत्तरपत्रिका तपासत होतो.

यंदा मी गच्चीवर गेलो. माझी दाढ पडलेली. तेव्हा दाणा चावण्याचे काम धाकटीकडे दिले. पहिल्या दिवशी तिने मान हलवली, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीचा आवाज मला जिन्यात ऐकू आला.

परवा दिवाळीच्या दळणासाठी कोठीत कोपरापर्यंत हात घातला. गहू थंड होता.