पोट ठीक नाही

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने निदान सहा महिने त्याविषयी तोंड उघडू नये, असा नियम रिझर्व्ह बँकेने काढावा, असे माझे जुने मत आहे. परकीय चलन देतानाच तसे लिहून घ्यावे. आमच्या शाखेतला एक अधिकारी सिंगापूरला चार दिवस राहून आला आणि पुढे दोन वर्षे, पासबुक भरायला आलेल्या पेन्शनर आजोबांनासुद्धा तिथले रस्ते किती स्वच्छ आहेत ते ऐकवत राहिला. तेव्हाच मी ठरवले होते, की आपण परदेशी जायचे नाही, आणि गेलोच तर सांगायचे नाही. पैकी पहिले माझ्या हातात राहिले नाही. दुसरे आता मोडतो आहे.

कोरियाला जायचा निर्णय २०२० साली झाला. त्या साली सगळा देश घरात बसला होता, फक्त आम्ही बँकवाले तोंडाला फडके बांधून कौंटरवर होतो. घरी बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींना त्या काळात मोबाइलवर कोरियन मालिका सापडल्या. तिने त्या मुलाणीच्या बायकोला, म्हणजे भाभींना, कळवल्या. संध्याकाळी आम्ही दोघे दमून आपापल्या घरी यायचो तेव्हा दोन्हीकडे एकच गोऱ्या गालाचा तरुण छत्री धरून पावसात उभा असायचा आणि दोन्हीकडच्या बायकांच्या डोळ्यांना पदर असायचा. स्वयंपाक दोन्हीकडे झालेला नसायचा.

"एकदा तिथं जाऊन यायचं," एवढेच एके दिवशी ठरले. आम्ही विरोध केला नाही, कारण आम्हाला विचारलेच नव्हते. दोघांनी आपापल्या नावावर आवर्त ठेव उघडली. चार वर्षे दरमहा कापून घेतले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही चौघे सोलला उतरलो.

आता मुलाणीविषयी सांगितले पाहिजे. मी आणि तो २००४ साली एकाच दिवशी बँकेत चिकटलो. माझी खिडकी तीन नंबरची, त्याची चार नंबरची. आमचा चहा एक, डबा एक आणि वरिष्ठांविषयीचे मतही एक. शाखेच्या मार्च-अखेरच्या पार्टीचा मी कायमचा चिटणीस. वर्गणी गोळा करायची, हॉटेल ठरवायचे, तांबडा-पांढरा किती, मटण किती, ते सांगायचे. आम्ही कोल्हापूरचे, तेव्हा जेवणात यापलीकडे सांगण्यासारखे काही नसते. या पार्टीत मुलाणी वीस वर्षे वरण-भात आणि पापड खात आला.

"का रे?" म्हटले की, "तू खा लेका, माझं आज पोट ठीक नाही," असे ठरलेले उत्तर. पहिल्या वर्षी मी त्याला ओवा दिला. पुढेपुढे सगळ्या शाखेने त्याच्या पोटावर विनोद करायला सुरुवात केली. पुढाकार, सांगायला नको, माझाच.

तर सोलमध्ये उतरल्यापासून मुलाणीचे पोट पुन्हा ठीक नव्हते. तीन दिवस मी तिथल्या तळलेल्या कोंबडीवर, भाताच्या वाडग्यांवर आणि रस्त्यावरच्या नाना प्रकारांवर हात मारत होतो. बिबिमबाप नावाचा एक पदार्थ मी केवळ त्याच्या नावाला मान देऊन दोनदा खाल्ला. मुलाणी आणि भाभी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातली केळी, उकडलेली अंडी आणि घरून आणलेली कडक भाकरी नि शेंगदाण्याची चटणी यांवर होते. चौथ्या दिवशी चटणी संपली. तेव्हा भाभींनी जाहीर केले, "आज इतेवॉनला जायचं. तिथं मशीद आहे, हलाल हॉटेलं आहेत. वैनी, तुमी चला. बाप्ये येऊ देत नाहीतर राहू देत."

इतेवॉनची मशीद टेकडीवर आहे. कोरियन माणसाला आयुष्यात काहीही चांगले करायचे असले की आधी चढ चढावा लागतो, असे माझ्या गुडघ्यांचे निरीक्षण आहे. चढताना मी सगळ्यांना माहिती देत होतो. ही मशीद १९७६ साली उघडली. जागा कोरियन सरकारने दिली, पैसा बराचसा मुसलमान देशांनी. त्या काळात कोरियन कंपन्या आणि कामगार अरबस्तानात रस्ते नि इमारती बांधायला जात होते, तेव्हा मैत्रीत व्यवहारही होताच. त्याआधी कोरियाच्या युद्धात तुर्की सैनिक आले होते, त्यांच्याकडून तिथल्या काही लोकांनी हा धर्म घेतला. शिवाय त्या युद्धानंतर १९५३ साली कैद्यांवर देखरेख करायला आपली जी फौज तिथे गेली, तिचे प्रमुख जनरल थोरात हे आपले कोल्हापूरकडचे! हे शेवटचे मी इतक्या अभिमानाने म्हणालो की दम लागून खाली बसलो. तिघे पुढे निघून गेले होते.

मुलाणी परत फिरून आला. त्याला एकटा गाठून मी हळूच विचारले, "काय रे, हे हलालचं जेवण आपल्याला... म्हणजे मला... चालतं ना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमच्या गावच्या जत्रेला बकरं कोण कापतं?"

"कोण म्हणजे? मुलाणी," मी म्हणालो, आणि थांबलो.

आमच्या गावात देवाचे बकरे असो, बारशाचे असो, नाहीतर आजोबांच्या पंचाहत्तरीचे असो, मुलाण्याला बोलावल्याशिवाय सुरी चालत नसे. तो येणार, तोंडाने देवाचे नाव घेणार, त्याचा वाटा घेऊन जाणार. याला हलाल म्हणतात, हे मला चौकशी करत सातासमुद्रापलीकडची टेकडी चढल्यावर कळले. चार नंबरच्या खिडकीवरच्या माणसाचे आडनाव मी वीस वर्षे रोज वाचत होतो.

हॉटेलच्या बाबतीतही माझा समज असाच कच्चा निघाला. डुक्कर टाळले की झाले हलाल, असे मला वाटे. पण तिथल्या मटणाच्या मुरवणात स्वयंपाकाची दारू असते आणि गोचुजांग नावाचा जो मिरचीचा लगदा सगळीकडे वापरतात, त्याच्या बाजारी डब्यात टिकण्यासाठी मद्यार्क घातलेला असू शकतो. म्हणून तिथल्या पर्यटन खात्याने हॉटेलांचे चार गट पाडले होते : रीतसर हलाल प्रमाणपत्र असलेली, मालकाने स्वतःच हलाल म्हणून सांगितलेली, मुसलमानांना चालेल असे काही पदार्थ ठेवणारी, आणि नुसतेच डुक्कर नसलेली. हे ऐकून मला परक्या मुलुखात घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. कर्जाचेही आम्ही असेच चार गट करतो : प्रमाणित, अवमानक, संशयित आणि बुडीत.

आमचे हॉटेल पहिल्या गटातले होते. भिंतीवर प्रमाणपत्र होते आणि मी ते मुदतीच्या तारखेसकट तपासले. सवय.

मालकीणबाई पन्नाशीच्या, कोरियन, ॲप्रन लावलेल्या. शेजारच्या टेबलांवर मलेशियाकडची, उझबेकिस्तानकडची मंडळी. बसल्याबसल्या न मागता सहा वाट्या टेबलावर आल्या. यांना बांचान म्हणतात : किमची, मोड आलेले सोयाबीन, तिळाच्या तेलातला पालक, माशाच्या वड्यांचे काप असे काहीबाही. संपले की पुन्हा मागायचे, पैसे नाहीत. दुसऱ्यांदा मागितले तरी बाई हसतमुखच! आमच्याकडे दुसरे चेकबुक मागणाऱ्याकडे आम्ही कसे बघतो ते आठवून मला ओशाळल्यासारखे झाले. टेबलाला एक घंटीचे बटण होते. दाबले की बाई हजर. ते बटण मुलाणीच्या बाजूला होते आणि पुढचा अर्धा तास तो ते शाळेतल्या शिपायाच्या उत्साहाने दाबत होता.

कारण चौघांच्या चार तऱ्हा होत्या. भाभींचा आणि मुलाणीचा प्रश्न दारातच सुटला होता. ते वीस वर्षांत प्रथमच मेनूकार्ड पहिल्या पानापासून वाचत होते. पेच पडला तो आमच्या बाजूला. मी कार्डावर बोट ठेवले ते नेमके बुलगोगीवर.

"नको," मी म्हणालो, "हे बैलाचं दिसतंय. बुल म्हणजे बैल, एवढं इंग्रजी बी.कॉम.लासुद्धा येतं."

"बुल म्हणजे विस्तव हो!" सौभाग्यवती म्हणाल्या. मालिकांचे शिक्षण वाया जात नाही. "बुल म्हणजे विस्तव आणि गोगी म्हणजे मांस."

मुलाणीने घंटी दाबली. बाईंनी दोन्ही हातांची शिंगे करून दाखवली. म्हणजे शब्दात मी चुकलो होतो आणि पदार्थात बरोबर होतो. बाई गेल्या. मग कोंबडीच्या रश्श्यात गोमांसाचे पाणी घालतात का, ते विचारायला पुन्हा घंटी. मग गुरुवार असल्यामुळे सौभाग्यवतींची घंटी. गुरुवारी ती मासे-मटण-अंडे शिवत नाही. किमचीत काय असते? बाईंनी दोन बोटांत चिमूटभर जागा धरली आणि बोट वळवळवले. खारवलेली कोलंबी! कोबीच्या लोणच्यात! सौभाग्यवतींनी ती वाटी माझ्याकडे सरकवली. मालिकेतली प्रत्येक नायिका जी किमची खाऊन रडते ती खाण्यासाठी ती चार वर्षे पैसे साठवून आली होती.

एवढ्या वेळात शेजारच्या टेबलावरचे लोक जेवून उठलेसुद्धा.

अखेर पदार्थ आले. सौभाग्यवतींना अंडे-मांस वगळून भाज्यांचा भात, तो बिबिमबापच. भाभींना बुलगोगी. मला सामग्येतांग. हा प्रकार कोल्हापूरच्या माणसाची परीक्षा घेणारा आहे. मातीच्या उकळत्या भांड्यात एक अख्खी लहान कोंबडी, तिच्या पोटात चिकट भात, लसूण, एक लाल बोर आणि जिनसेंगचे मूळ. रस्सा पांढरा. मी आपल्या पांढऱ्या रश्श्याच्या हिशेबाने चमचाभर घेतला. त्यात मिरी नाही, खसखस नाही, मिरचीचे नावही नाही. मीठसुद्धा बाजूला वेगळे. हे म्हणे भर उन्हाळ्यातल्या तीन ठरावीक दिवशी खातात, उष्णतेने उष्णता मारायला. पहिल्या चार घासांना मला इस्पितळात असल्यासारखे वाटले. दहाव्या घासाला मात्र असे वाटले, की लहानपणी तापातून उठल्यावर आई जे काही पाजत असे ते हेच. मी भांडे तिरके करून संपवले.

मुलाणीने घेतली होती ताकगाल्बी. टेबलावरच तवा मांडून कोंबडी, कोबी, रताळी आणि तांदळाच्या पिठाच्या कांड्या त्या लालभडक लगद्यात परततात. ही मिरची कोरियात मूळची नाही, कोल्हापुरातही नाही. दोघांकडे ती बाहेरून आली आणि दोघांनीही ती पूर्वजांची इस्टेट असल्यासारखी वापरली. मुलाणीच्या कपाळावर घाम आला होता. स्टीलच्या त्या चपट्या काड्या त्याने केव्हाच टाकल्या होत्या आणि तो चमच्याने, हाताने, मिळेल त्याने खात होता. शेवटी त्याच तव्यावर भात परतून बाईंनी खालची खरवड उलथन्याने काढून दिली, तीही त्याने कुणाला दिली नाही. एवढे जेवताना मी त्याला कधीच पाहिले नव्हते.

"बेताने," मी म्हणालो, "तुझं पोट ठीक नाही ना?"

भाभी फसकन हसल्या. "पोट कसलं ठीक नाही? भाऊजी, वीस वर्षांत ह्यांचं पोट एकदा बी बिघडलं नाही. दगड घातला तरी पचंल."

मी मुलाणीकडे पाहिले. तो तवा खरवडत होता.

"मग पार्टीत?"

"अरे, हॉटेलचं मटण कुठलं, काय ठाऊक?"

"मग विचारायचं!"

"विचारलं की अख्खं टेबल थांबतं बघ," तो वर न बघता म्हणाला. "मग सगळी ताटाकडं बघत बसत्यात. त्यापेक्षा पोट बरं."

मघाशी माझ्यासाठी अर्धा तास टेबल थांबले होते आणि घंटी तो दाबत होता. मला एकदम दुसरेच आठवले. पार्टीची वर्गणी त्याने दरसाल पूर्ण भरली होती. मटणाच्या ताटाची. दरसाल हिशेबात थोडी शिल्लक उरायची आणि मी ती चिटणीसाची काटकसर म्हणून सभेत वाचून दाखवायचो. टाळ्याही घ्यायचो.

बिल आले अठ्ठ्याहत्तर हजार. वॉन! रुपयाला सोळाएक वॉन धरले तरी आकडा बघून हात थरथरतो. मी पन्नास हजारांच्या दोन नोटा काढून मोजल्या, दोनच होत्या तरी दोनदा मोजल्या. मुलाणी पाकीट काढू लागला तेव्हा त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणालो, "हे मागल्या थकबाकीत धर." तो काही बोलला नाही. बटण दाबून त्याने आणखी एक किमची मागवली.

परत आल्यावर मार्च सरला, २०२५ ची पार्टी आली. मी आमच्या नेहमीच्या हॉटेलवाल्याला फोन केला. घसा साफ केला. वीस वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारताना आवाज जरा चिरकतोच.

"मालक, तुम्ही मटण कुठून आणता?"

"कुठनं म्हणजे?" मालक भडकले. "तक्रार हाय का कुणाची? पहिल्यापासनं एकाच मुलाण्याकडनं घेतोय. तुमच्या शाखेत ते चार नंबरला बसत्यात न्हवं, त्यांचाच कोण पाहुणा लागतोय त्यो!"

मी ही बातमी मुलाणीला खिडकीच्या जाळीतून सांगितली. नोटा मोजणारे त्याचे बोट थांबले. बंडल त्याला पहिल्यापासून मोजावे लागले.

पार्टीत त्याने तांबडा चार वाट्या घेतला, पांढरा तीन वाट्या घेतला आणि मटणाची ताटे किती ते मी चिटणीस असूनही लिहून ठेवले नाही. दुसऱ्या दिवशी चार नंबरची खिडकी बंद होती. साहेबांच्या टेबलावर रजेचा अर्ज होता. कारणाच्या रकान्यात लिहिले होते : पोट ठीक नाही.