मालवाहू टेम्पोतून स्पितीकडे

टेम्पो म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. मात्र हे मूळ हॅम्बुर्ग येथील एका जर्मन कारखान्याचे नाव, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्या कारखान्याच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांनी 1958 साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. प्रथम तीनचाकी आली, 1969 साली मॅटाडोर आणि 1987 साली ट्रॅव्हलर. या ट्रॅव्हलरचा आराखडा मर्सिडीजच्या त्या मालवाहू व्हॅनवरून घेतलेला, जी 1977 पासून ब्रेमेन येथे तयार होत असे. युरोपात अशा जुन्या व्हॅनमध्ये पलंग व चूल बसवून दूरदेशी जाण्याची रीत जुनीच आहे. आमच्या भुसार पेढीवर गोण्या वाहून दमलेली ट्रॅव्हलर विकावी की तिचे असेच फिरते घर करावे, हा प्रश्न पडला तेव्हा मातोश्रींनीच कौल दिला. त्यांना ताबो येथील इसवी सन 996 चा मातीचा मठ पाहायचा होता. वय एकाहत्तर, गुडघे दुखरे आणि भोजन सूर्यास्तापूर्वी, तेही गाळलेल्या पाण्याने केलेले. परगावच्या हॉटेलांत हे साधणे कठीण. स्वयंपाकघर बरोबर असेल तरच जाणे शक्य होते.

आरंभी कायद्याचे सांगणे अगत्याचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातील मूळ वर्णनाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली हे ठामपणे सांगितले. निवासी मोटारीसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. तेव्हा परिवहन कार्यालयाच्या लेखी परवानगीवाचून एक स्क्रूही बसवू नये आणि काम मान्यताप्राप्त बांधणीकाराकडूनच करून घ्यावे. कागदपत्रांत आमचे चार महिने गेले. ते वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण त्या काळात नकाशा सात वेळा बदलला.

खरी परीक्षा वजनाची. हौसेने जाड प्लायवुड, ग्रॅनाइटचा ओटा, मोठी टाकी असे करत गेले की गाडी घाटात धापा टाकू लागते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हा हिशेब व्यापाऱ्याच्या मुलाला शिकवावा लागू नये; पण सजावटीच्या नादात तो भल्याभल्यांना विसरायला होतो. आम्ही प्रत्येक वस्तू पेढीच्या काट्यावर घालून वहीत मांडली. शेवटी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढचा व मागचा आंस वेगवेगळा तोलला. पाण्याची टाकी आणि बॅटरी मागच्या आंसाच्या पुढे, तळाशी ठेवल्या. मागे लोंबणारे ओझे खडबडीत रस्त्यावर गाडीचा तोल बिघडवते.

दुसरी गोष्ट बांधणीची. दगडधोंड्यांतून जाताना व्हॅनचा सांगाडा किंचित पिळवटतो. कपाटे त्याला घट्ट जखडली तर सांधे उकलतात, म्हणून ती रबरी बुशांवर बसवली आणि सर्वत्र नायलॉनचे लॉकनट वापरले. पत्र्याच्या आत बंद पेशींच्या नायट्राइल रबराची चादर चिकटवली, कारण लोकर ओल धरते व पत्रा आतून गंजतो. पाट्यांच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवला, इंजिनाच्या तेलपात्राखाली जाड पत्रा लावला आणि टायर जाड बाजूंचे घेतले. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करणे तिला घातक, म्हणून ती पलंगाखाली, माणसांच्या उबेत. गॅसच्या शेगडीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र आणि छताला कायम उघडी राहणारी झडप. थंडीत ही झडप बंद करण्याचा मोह होतो. तो जिवावर बेतू शकतो.

इतके करूनही आमची गाडी मागच्या दोन चाकांवरच चालणारी. वाट नसलेल्या जागी तिने जाऊ नये. वाईट वाटेवर टिकावे, एवढेच तिचे काम.

मनालीवरून काझा सुमारे 200 किलोमीटर, पण त्या वाटेने माणूस फार वेगाने उंचावर पोहोचतो. म्हणून सप्टेंबरच्या आरंभी आम्ही सिमला, किन्नौर, नाको असे हळूहळू चढत गेलो. ताबोला दोन मुक्काम केले. मठाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यातील भित्तिचित्रांसमोर मातोश्री तासभर बसून होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी फक्त एवढेच विचारले, "ही माती हजार वर्षे पावसात कशी टिकली रे?" येथे पाऊसच नगण्य, हे उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही.

स्पितीतील गावांत कोरड्या शौचालयांची पद्धत आहे. मैला मातीत मुरवून शेताला खत होतो, पाण्याचा थेंब लागत नाही. आमच्या गाडीतील व्यवस्था त्यापुढे ओबडधोबडच होती. भांडी घासलेले पाणी मात्र आम्ही डब्यात साठवून झऱ्यापासून दूर, मातीत ओतले. लांग्झा येथे समुद्री जीवांचे जीवाश्म हातात घेऊन पाहता येतात. ते तेथेच ठेवून यावेत.

काझाच्या पंपावर टाकी भरून आम्ही 4,551 मीटर उंचीच्या कुंझुम खिंडीकडे निघालो. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी. इंजिन काळा धूर ओकू लागले, पण थांबले नाही. रीतीप्रमाणे कुंझुम मातेच्या मंदिराला गाडीनेच प्रदक्षिणा घातली आणि पलीकडे बातलला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

पुढे छतरूपर्यंत रस्ता असा नाहीच, चंद्रा नदीच्या काठचे गोटे आणि त्यांना छेदणारे नाले. हिमनद्यांचे पाणी उन्हाबरोबर वाढते. पहाटे घोट्याएवढा असलेला नाला दुपारी मांडीपर्यंत येतो. पुढून आलेल्या एका ट्रकचालकाने चाकांवरील पाण्याची खूण दाखवली. ती आमच्या दाराच्या पायरीच्या वर होती. धाकट्या बंधूंचे म्हणणे, अजून ऊन आहे, काढू या. मातोश्रींच्या बोटाला लावलेले यंत्र 84 दाखवत होते, त्यामुळे लवकर खाली उतरणे हिताचे, हेही खरे. उलट पाण्यात गाडी अडली तर रात्र त्याच उंचीवर, थंड पाण्यात काढावी लागली असती. आम्ही थांबायचे ठरवले.

पाच वाजता डाळ-भात झाला. तेथे पाणी 87 अंशांच्या आसपास उकळते, कुकरवाचून डाळ शिजत नाही. मातोश्रींना खालच्या पलंगावर उशा उंच करून निजवले. दर दोन तासांनी त्यांचे बोट तपासत आम्ही दोघे आळीपाळीने जागलो. मध्यरात्री आकडा 82 वर आला, तेव्हा बरोबर घेतलेला प्राणवायूचा डबा उघडला. पहाटे तो 88 झाला. बाहेर काचेवर बर्फाची नक्षी, आत चौदा अंश.

साडेपाचला निघालो. पहिल्या नाल्यात बंधू बूट काढून पुढे चालत गेले, काठीने तळ चाचपत. पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत होते. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, ट्रॅव्हलर पलीकडे गेली. असे तीन नाले. छतरूला पोहोचून गाडीखाली पाना घेऊन शिरलो. स्प्रिंगच्या कमानीचे दोन नट ढिले झाले होते, बाकी सारे जागच्या जागी. मातोश्री खिडकीतून विचारत होत्या, चहाला दूध उरले आहे का.