गाडीवरचा वायरलेस : आधी अँटेना, मग सेट

दिवाळी सरली की आमच्या भागात मंडईचा, म्हणजे गावजत्रेचा नि तिथल्या रात्रीच्या नाटकांचा, हंगाम लागतो, आणि त्याबरोबर माझ्या दुकानात वायरलेस मागणाऱ्यांचाही. भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीत मी रेडिओ दुरुस्त करतो. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा, परवाना जवळ असल्यामुळे अँटेना हा माझा धंदाही आहे आणि नादही. येणारे गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे. एक हार्वेस्टरवाले : मशीन एका शिवारात, धान वाहणारा ट्रॅक्टर दुसऱ्या शिवारात आणि मालक तिसऱ्याच गावी. दुसरे नाटकवाले : नाटक मंडळ्यांच्या वडशाहून निघालेली सामानाची गाडी पुढे, कलाकारांची मागे, रात्रीचा प्रवास आणि जंगलातून जाणारा रस्ता, जिथे मोबाइल नुसता खिशात असतो. मागणी मात्र दोघांची एकच : "भाऊ, पन्नास किलोमीटर चालते असा सेट द्या जी."

असा सेट मी देत नाही, कारण तो हातात मावेल एवढा नसतो. खोक्यावर छापलेला पल्ला एका उंच टेकडीवरून दुसऱ्या टेकडीचा असतो. मधे झाड नाही, घर नाही, काही नाही. सानगडीच्या किल्ल्यावर उभं राहून बोललात तर पल्ला नक्की वाढेल. पण हार्वेस्टर किल्ल्यावर चढत नाही.

यूट्यूबवर अमेरिकन ट्रकवाल्यांचे व्हिडिओ पाहून आलेले तरुण थेट नाव घेऊन मागतात : सीबी. म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकासाठी मोकळी सोडलेली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची पट्टी. अमेरिकेत ती १९५८ साली या जागी आली. १९७३ च्या तेलटंचाईत डिझेल कुठल्या पंपावर आहे आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. गर्दी एवढी झाली की १९७७ साली तेवीसाचे चाळीस चॅनेल करावे लागले. तिथे ट्रकवाले एकोणीस नंबरवर बोलतात. आपल्याकडे साकोलीहून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर तुम्ही रात्रभर एकोणीस नंबरवर हाका मारल्यात तरी ओ देणारं कुणी नाही, कारण कुठल्याच ट्रकमध्ये सीबी नाही. म्हणून पहिली गोष्ट : वायरलेस एकटा विकत घ्यायची वस्तू नाही. निदान दोन घ्या, आणि दोन्ही एकाच पद्धतीचे घ्या. अमेरिकेत सीबी प्रामुख्याने एएमवर चालतो, युरोपात बराचसा एफएमवर. एक इकडचा आणि एक तिकडचा आणलात, तर नंबर जुळूनही बोलणं नीट जुळणार नाही.

भारतात सीबी परवान्याशिवाय वापरता येतो हे खरं आहे. पण अर्धंच खरं. मुभा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढ्या पट्टीला आहे, ताकद ५ वॅटपर्यंत आणि अँटेना सेटचीच, अंगची. अमेरिकन सेटचे चाळीस चॅनेल २७.४०५ पर्यंत जातात. म्हणजे सत्ताविसाच्या वरचे चॅनेल आपल्याकडे मोकळे नाहीत. आणि मिडलँड ७५-८२२ सारखा सेट, जो हातातही चालतो आणि ॲडाप्टर जोडून गाडीच्या छपरावरच्या अँटेनालाही लागतो, तो हातात असेपर्यंत सवलतीत बसतो. छपरावरची अँटेना जोडलीत की सवलत संपली.

सगळी गोम त्या अँटेनात आहे. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब. तिला जेमतेम पुरी पडणारी उभी अँटेना म्हणजे लहरीचा चौथा हिस्सा, पावणेतीन मीटर. बोलेरोच्या छपरावर एवढा दांडा उभा केलात तर गावातल्या लोंबत्या विजेच्या तारांशी गाठ पडायची. म्हणून दांडा आखूड करतात आणि उरलेली लांबी तारेच्या वेटोळ्यात गुंडाळतात; वेटोळं बुडाशी असतं, मधे असतं, किंवा फायबरच्या काडीवर वरच्या टोकाला दाट गुंडाळलेलं असतं. दांडा जितका आखूड, तितकी ताकद वेटोळ्यात नि जमिनीत जास्त मुरते. आता हातातल्या सेटची वीतभर रबरी शेपटी पाहा. पावणेतीन मीटरचं काम ती वीतभरात करते. म्हणजे फारसं करत नाही. त्यात तुम्ही गाडीत बसलेले. चहूकडून पत्रा, आणि ११ मीटरच्या लहरीला खिडकी ही खिडकी वाटतच नाही. गाडीत बसून हातातला सीबी चालवणं म्हणजे कोठीत तोंड घालून हाक मारणं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : आपल्याकडे गाडीसाठी सीबी घेऊ नका. उन्हाळ्यात मोकळ्या धुऱ्यावर उभं राहून गंमत करायची असेल तर घ्या. सूर्यावरचे डाग वाढलेल्या वर्षांत दिवसा त्या पट्टीत परदेशी आवाज घुसतात, कुठल्या भाषेत बोलताहेत तेही कळत नाही. ऐकायला मजा येते. पण ट्रॅक्टर कुठे अडला हे त्यातून कळत नाही.

मग घ्यायचं काय? एकामागून एक चालणाऱ्या दोन-तीन गाड्यांना ४४६ मेगाहर्ट्झचे छोटे सेट पुरतात. ४४६.० ते ४४६.२ ही पट्टी २०१८ च्या नियमांनी अर्ध्या वॅटपर्यंत, अंगच्या अँटेनासह, विनापरवाना केली आहे. लहर ६७ सेंटिमीटरची, काचेतून सहज बाहेर पडते. सेट खिडकीशी धरा, खांद्याच्या वर धरा. मोकळ्या बांध्यांमध्ये दोन-तीन किलोमीटर, दाट झाडीत एखादा, एवढाच हिशेब मनात ठेवा. नाटकवाल्यांना तेवढा बहुधा पुरतो. मागची गाडी पंक्चर झाली, पुढच्याने थांबायचं, एवढाच तर निरोप असतो.

घेताना दोन गोष्टी मागा. पट्टी खोक्यावर छापलेली हवी, आणि दूरसंचार विभागाच्या मंजुरीचा, ज्याला ईटीए म्हणतात त्याचा नंबर हवा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे दोन पट्ट्यांचे चिनी वॉकी-टॉकी विनापरवाना नाहीत, जाहिरात काहीही म्हणो. त्यात कुठलीही फ्रिक्वेन्सी भरता येते, पोलिसांची आणि वनखात्याचीही, आणि भीती तिथेच आहे. ऑनलाइन विक्रीवर लगाम म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. आमच्या दक्षिणेला गडचिरोली, पूर्वेला गोंदियाचा देवरी-सालेकसा पट्टा; नक्षलवादामुळे तपासणीची सवय पडलेला हा भाग. नाक्यावर गाडीत असा सेट सापडला तर तो मंडईसाठी आणला होता हे सांगण्यात तुमची रात्र जाईल. नवेगाव-नागझिऱ्याच्या व्याघ्र प्रकल्पात तर सेट बंद करून पिशवीतच ठेवा. 'पल्ला अमर्याद' लिहिलेले सिमकार्डचे वॉकी-टॉकी येतात, त्यांच्याबद्दल एकच सांगतो : ते मोबाइल टॉवरवरच चालतात. जिथे मोबाइल मुका, तिथे तेही मुके.

छपरावर अँटेना हवीच असेल तर रस्ता हॅमचा. तिथे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झची पट्टी मिळते आणि लहरीचा चौथा हिस्सा अर्ध्या मीटरचा होतो. ना वेटोळं, ना काटछाट, पुरी अँटेना छपरावर बसते. गाडीतून चालवण्याच्या अटी तेवढ्या परवान्यात नीट वाचून घ्या.

जागा छपराच्या मधोमध. उभ्या दांड्याला खाली पत्र्याचा जोड लागतो, तो चहूकडे सारखा मिळाला तर आवाज चहूकडे सारखा जातो. मागच्या डाव्या कोपऱ्यात लावलीत तर लहर पुढे उजवीकडे जास्त झुकते, कारण पत्रा तिकडे जास्त. चुंबकाची बैठक सोयीची, पण तळाशी चिकटलेली धूळ पुसल्याशिवाय बसवू नका. रंगावर ओरखडे पडतात आणि जोडही कच्चा राहतो. ॲल्युमिनियमच्या किंवा फायबरच्या टपावर चुंबक बसत नाही, तिथे ब्रॅकेट लागते.

केबल दाराच्या रबरातून आत घेतात आणि इथेच निम्मी दुखणी सुरू होतात. दार रोज आपटून केबल चेपते, आतली तार जाळीला टेकते, आणि मालक सेट बदलायला येतो. डिकीच्या वरच्या कडेने, जिथे दाब कमी, तिथून घ्या. बाहेरचा जोड पावसाळ्याआधी रबरी टेपने गुंडाळा. आत पाणी शिरलं तर तांब्यावर हिरवट थर येतो आणि केबल फेकावी लागते.

अँटेनाची जुळवणी एसडब्ल्यूआर मीटरवर करायची. मीटर दाखवतो की पाठवलेल्या ताकदीतली किती परत येते. मीटरवरचं एसडब्ल्यूआर गुणोत्तर दीडच्या खाली आलं की पुरे. तीनच्या वर असेल तर बोलूच नका, सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळेल. गाडी टिनाच्या शेडखालून बाहेर काढा, दारं लावा, माणसं बाजूला करा. आधी १४४ वर बघा, मग १४६ वर. १४४ ला गुणोत्तर जास्त दिसलं तर दांडा आखूड आहे, १४६ ला जास्त दिसलं तर लांब. साडेतीन मिलिमीटरला एक मेगाहर्ट्झ, असा साधारण हिशेब. म्हणून पक्कड नव्हे, कानस घ्यायची. कापलेला दांडा परत वाढत नाही.

वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीच्या जवळ. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात आणि सेट १२ चा. मधे कन्व्हर्टर टाकल्याशिवाय जोडू नका. इंजिनाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर ती अल्टरनेटरची. सारखी खरखर असेल तर आधी मोबाइलचा स्वस्त चार्जर काढून बघा, मग हौसेने लावलेले एलईडी दिवे बंद करून बघा. बहुतेक वेळा तिथेच संपतं. आणि बोलायचं काम शेजारी बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही.

हॅमचा परवाना धंद्यासाठी नसतो हेही सांगून ठेवतो. 'दुसरी ट्रॉली पाठव' हे त्यावर बोलता येत नाही. हार्वेस्टरवाल्याला लांबचा पल्ला हवाच असेल तर दूरसंचार विभागाकडून स्वतःची वेगळी फ्रिक्वेन्सी मागावी लागते. ते काम कागदांचं आणि खर्चाचं आहे. मी बहुतेकांना ४४६ चे चार सेट घ्यायला सांगतो आणि एक माणूस मधल्या बांधावर उभा करायला सांगतो. तो निरोप पुढे देतो.

पण गावात दोन-चार जणांनी तरी हॅमचा परवाना काढावा, असं मला मनापासून वाटतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला जो पूर आला तो भंडारा जिल्हा विसरलेला नाही. अशा वेळी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, आणि गाडीची बॅटरी मात्र चालू असते. वय बारा वर्षं पूर्ण असलं की परीक्षेला बसता येतं. रेस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. थोडी विजेची ओळख आणि नियम, एवढाच अभ्यास. अर्ज सरल संचार पोर्टलवर भरायचा. शाळेतल्या पोरांनाही आणा, अभ्यास मी फुकट घेतो. आणि नुसता सेट घ्यायचा असेल तर येताना गाडी घेऊन या. छप्पर पाहिल्याशिवाय मी काहीच सुचवत नाही.